बारदेशचे मीठ आणि सीमेची रुंदी

सन १६७१ च्या अखेरीस शिवाजी महाराजांच्या हुजुरातून कुडाळ मामल्याचा सरसुभेदार नरहरी आनंदराव याच्या नावे एक पत्र सुटले. त्यात लढाईचा, किल्ल्याचा किंवा फितव्याचा मजकूर नव्हता. विषय होता मिठाचा. फिरंग्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, अंमलाखालील गोव्यातल्या बारदेशात मीठ स्वस्त पिकत असे आणि घाटावरचे उदमी ते भरून नेण्यासाठी कुडाळच्या मुलखातून ये-जा करीत असत. हुकमाचा आशय असा की, या मिठावर जबर जकात बसवावी, आणि ती अशा बेताने बसवावी की बारदेशचे मीठ उदम्याला संगमेश्वरच्या मिठाहून महाग पडावे; तसे न केल्यास सगळे उदमी बारदेशाकडे वळतील, आपल्या बंदरांकडील मिठाचा उदीम मोडेल आणि सरकारचा महसूल बुडेल.

या पत्राचा उल्लेख आपल्याकडे वारंवार होतो, आणि स्वदेशी धंद्याला राजाने दिलेल्या आश्रयाचा दाखला म्हणून त्याकडे अभिमानाने बोट दाखवले जाते. त्या अभिमानाला माझी हरकत नाही. परंतु मला त्या पत्रात अधिक मोलाचा वाटतो तो त्यातला हिशेब. बारदेशच्या मिठाला बंदी करा असे त्यात म्हटलेले नाही. फिरंग्यांचा माल म्हणून तो अडवा असेही नाही. दोन आगरांचे भाव, दोन वाटांचा खर्च आणि मधली जकात यांची बेरीज करून उदमी कोणत्या वाटेने जाईल याचा अदमास आधी बांधला आहे, आणि त्या अदमासावरून जकातीचा दर ठरवावयाचा आहे. शासनाच्या एका निर्णयाने मालाचा ओघ किती आणि कोणीकडे वळेल याचे अनुमान करणे हेच ज्या शास्त्राचे काम, त्याचे एक प्रकरण सतराव्या शतकातील एका मामलतीच्या कागदात असे सहज येऊन बसले आहे.

मीठ हा मालच असा की त्यावर हा हिशेब लख्ख दिसावा. ते प्रत्येक घरी लागते, गरीबाला आणि श्रीमंताला जवळजवळ सारखेच लागते, भाव उतरला म्हणून कोणी दुप्पट खात नाही आणि चढला म्हणून कोणी सोडीत नाही. शिवाय ते वजनाला जड आणि किमतीला हलके असल्यामुळे आगरावर त्याला जे मोल असते त्याच्या कितीतरी पट मोल त्याला घाट चढून गेल्यावर येते, आणि ती सारी वाढ बैलाच्या पाठीची, वाटेच्या चाऱ्याची आणि चौकीच्या पावतीची असते. लमाणांचे तांडे घाटावरून धान्य घेऊन कोकणात उतरत आणि परतताना मीठ भरून वर चढत. रिकाम्या गोणीने घाट चढणे त्यांना परवडण्यासारखे नव्हते. संगमेश्वराकडून आंबाघाटाने चढावे की बारदेशाकडून कुडाळ प्रांत ओलांडून रामघाटाने चढावे, हा तांड्याच्या नायकापुढचा प्रश्न दरवर्षीचा होता. सह्याद्री कोणाला हलवता येत नव्हता. चौकीवरचा दर मात्र हलवता येत होता.

व्यापाराच्या ओघावर भूगोलाची सत्ता किती आणि राजाची किती, हा प्रश्न या किनाऱ्यावर याहून फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडून या समुद्रात ये-जा करणाऱ्या कोणा अनामिक ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहून ठेवलेला ‘पेरिप्लस’ नावाचा दर्यावर्दी मार्गदर्शक आपल्याला उपलब्ध आहे. त्यात पैठण आणि तेर या दख्खनच्या दोन पेठांचा उल्लेख येतो. पैठण भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तेर पैठणच्या पूर्वेस आणखी दहा दिवसांवर. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तेरहून जाडेभरडे व तलम कापड गाड्यांवर घालून, नीट रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला येते, असे तो सांगतो. नकाशा उघडून पाहणाऱ्याला येथे अडखळायला होते. पैठणहून समुद्राला पोचण्याची स्वाभाविक वाट जुन्नरवरून नाणेघाट उतरून कल्याणला जाते; सरळ रेषेत मोजले तरी पैठणपासून भडोच हे कल्याणच्या जवळजवळ दीडपट दूर आहे. जड दगडांच्या गाड्या हाकणाऱ्यांनी दीडपट वाट का पत्करावी?

उत्तर त्याच ग्रंथात, पुढच्याच कलमात आहे. थोरल्या सारगनसच्या काळी कल्याण हे कायदेशीर व्यापाराचे बंदर होते; पण ते संदनेसच्या ताब्यात गेल्यापासून तेथील व्यापारात फार अडथळे आले, आणि एखादे ग्रीक गलबत चुकून तिकडे गेलेच तर पहाऱ्यात घालून त्याची रवानगी भडोचला होते. हा संदनेस कोण, यावर पंडितांची मते निरनिराळी आहेत. पण पश्चिम क्षत्रप आणि सातवाहन यांच्यातील झगड्याची ही बंदरावर पडलेली छाया आहे, एवढे बहुतेकांना मान्य आहे. भडोच क्षत्रपांचे, तेथे येणाऱ्या प्रत्येक गलबताचा कर त्यांचा. म्हणून जवळचे बंदर मारून दूरचे बंदर जगवण्यात आले. पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षत्रप नहपानाचा पराभव केला. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर नहपानाच्या छापावर गौतमीपुत्राचा छाप मारलेला आहे. विजयाचा इतका रोकडा पुरावा इतिहासात क्वचितच मिळतो. नाणेघाटाच्या माथ्यावर जो भला थोरला दगडी रांजण आज पर्यटकांना दाखवतात, त्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांची जकात पडत असे, अशी परंपरागत समजूत आहे. ती खरी असो वा नसो, त्या घाटाची किंमत कशावरून ठरत होती हे लोकस्मृतीने अचूक ओळखले आहे.

पोर्तुगीज या समुद्रात आले तेव्हा त्यांनी राजसत्तेचा हा उपयोग पुष्कळच पुढे नेला. त्यांची स्वतःची लोकसंख्या थोडी, देश लहान आणि लिस्बन येथून सुमारे सहा महिन्यांच्या अंतरावर. आकार आणि अंतर या दोन्ही गोष्टींचा विचार केला तर हिंदी महासागरातील व्यापारात त्यांच्या वाट्याला फारसे काही येण्याचे कारण नव्हते. तेव्हा त्यांनी कार्ताझ नावाचा परवाना काढला. दुसऱ्या कोणाच्याही गलबताने हा परवाना घ्यावा, ठरलेल्या पोर्तुगीज ठाण्यात लागून जकात भरावी, मगच पुढे जावे. परवाना नसेल तर गलबत आणि माल जप्त. अरबस्तान व इराणकडील घोडे दख्खनच्या सर्वच राजांना हवे असत, म्हणून तो व्यापार गोव्याकडे ओढून घेण्यासाठी घोडे आणणाऱ्या गलबतांना इतर मालाच्या जकातीत सूट दिली गेली आणि घोड्यांवरची जकात गोव्याच्या उत्पन्नाचे एक मोठे कलम झाली. समुद्रावर चौकी बसवता येते ही कल्पना येथल्या लोकांना प्रथम जुलमाची वाटली. पण पुढे कान्होजी आंग्र्यांनी आपली दस्तके काढून तीच रीत फिरंग्यांवर व इंग्रजांवर उलटवली, आणि तेव्हा इंग्रजांच्या कागदांतून त्यांच्यावर चाचेगिरीचा शिक्का बसला. ज्याच्या हाती परवान्याचा शिक्का तो सरकार, आणि ज्याच्या हाती तो असू नये असे सरकारला वाटते तो चाचा. समुद्रावरच्या जकातीचा इतिहास बहुतांशी याच दोन शब्दांच्या अदलाबदलीत सामावलेला आहे.

पेशवाईतल्या जमिनीवरच्या जकातीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिचा पसारा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. माल जेथे भरला तेथे थळभरीत, जेथे विकला तेथे थळमोड, आणि मधल्या वाटेवर परगण्या-परगण्याच्या चौक्या. त्यातच इनामदारांचे, देशमुखांचे आणि देवस्थानांचे हक्क गुंतलेले. पुष्कळ ठिकाणी जकात मक्त्याने दिलेली असे, म्हणजे मक्तेदार जितके वसूल करील तितके त्याचे. या त्रासावर व्यापाऱ्यांनीच तोड काढली होती. हुंडेकरी नावाचे लोक मोठमोठ्या गावांतून असत. व्यापाऱ्याकडून ठोक रक्कम घेऊन वाटेवरच्या सर्व चौक्यांची देणी ते आपल्या अंगावर घेत आणि माल मुक्कामाला पोचवण्याची हमी भरत. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने १८१९ सालच्या अहवालात या हुंडेकऱ्यांची नोंद केली आहे. अर्थशास्त्रज्ञाच्या दृष्टीने हा केवढा मोलाचा मनुष्य! पुणे ते औरंगाबाद किंवा पुणे ते सुरत या वाटेवर शासनाने निर्माण केलेला सगळा अडथळा किती रुपयांचा, याचा एकच आकडा त्याच्यापाशी तयार असे, आणि तो आकडा चुकला तर तोटा त्याच्या स्वतःच्या पोटाला बसत असल्यामुळे तो आकडा विश्वासार्हही असे.

आता पुन्हा बारदेशच्या मिठाकडे वळू, कारण महाराजांच्या पत्रानंतर दोनशे वर्षांनी त्याच मिठाने एका निराळ्या सरकारची झोप उडवली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश हिंदुस्थानच्या महसुलात मिठावरील कर हे एक मुख्य कलम होते. त्याचे मान कळण्यासाठी थोडे पुढचे आकडे पाहावेत: १८८२ साली तो मणाला दोन रुपये करण्यात आला आणि १८८८ साली अडीच रुपये झाला. ज्या मालाचे आगरावरचे मोल काही आण्यांचे, त्यावर रुपयांचा कर बसला की सीमेपलीकडचे करमुक्त मीठ रात्रीच्या वाटेने आत येणारच. गोव्याची सीमा लांब, जंगलाची आणि खाड्यांची. तिच्यावर पहारा ठेवणे खर्चाचे आणि व्यर्थ. म्हणून ब्रिटिशांनी जो मार्ग काढला तो १६७१ च्या मार्गाच्या नेमका उलट होता. सीमेवर जकात चढवण्याऐवजी त्यांनी सीमाच पुसून टाकली.

डिसेंबर १८७८ मध्ये पोर्तुगालशी करार झाला आणि जानेवारी १८८० पासून तो बारा वर्षांच्या मुदतीने अंमलात आला. त्यान्वये गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यामधील जकातीच्या चौक्या उठल्या. दोन्हीकडे समुद्रमार्गे येणाऱ्या मालाला एकच दर लागू झाला. गोव्यातील मिठाचे उत्पादन व विक्री ब्रिटिशांच्या देखरेखीखाली गेली, दारूच्या बाबतीतही ब्रिटिश अबकारीची पद्धत आली. आणि नुकसानभरपाई म्हणून पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये देण्याचे ठरले. त्याच करारातून मुरगाव बंदर आणि तेथून घाट चढून कॅसलरॉकपाशी दक्षिण मराठा रेल्वेला मिळणारा लोहमार्ग उभा राहिला. कागदावर पाहता हा आदर्श तोडगा होता. आजच्या परिभाषेत ज्याला सीमाशुल्क संघ म्हणतात, तो युरोपात बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर केला. बारदेश-सासष्टीच्या शेतकऱ्याने तो त्यापूर्वी साठ-सत्तर वर्षे अनुभवला होता.

पण करार ज्यांच्या डोक्यावरून झाला त्यांचा अनुभव वेगळा होता. मिठागरांवर परक्या खात्याचे शिपाई येऊन बसले, लहान आगरे बंद पडली, माडाची दारू काढणाऱ्या रेंदेरांना नवे परवाने आणि नवे कर आले, आणि पूर्वी स्वस्त मिळणारे मीठ गोवेकराला स्वतःच्या आगराशेजारी उभे राहून महाग घ्यावे लागले. मुदत भरल्यावर जानेवारी १८९२ मध्ये करार संपला तो पुन्हा झाला नाही; चौक्या पुन्हा बसल्या. लोहमार्ग मात्र राहिला. माझ्या मते या कराराचा खरा धडा असा की, दोन विषम आकारांच्या प्रदेशांमधली सीमा पुसली असता पुसण्याची किंमत बहुधा लहान प्रदेशाचा दुबळा घटक मोजतो, आणि ती किंमत व्यापाराच्या एकूण आकड्यात दिसत नाही. व्यापार वाढला असे आकडा म्हणेल. आगर कोणाचे सुकले हे तो सांगणार नाही.

याच सीमेने पुढे आणखी एक प्रयोग पाहिला, आणि तो पहिल्या दोहोंहून कठोर होता. स्वातंत्र्यानंतर पोर्तुगालने गोवा सोडण्यास नकार दिला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सीमा ओलांडणाऱ्या सत्याग्रहींवर गोळीबार झाला. आणि त्यानंतर भारत सरकारने गोव्याशी असलेले आर्थिक संबंध जवळजवळ तोडून टाकले. कॅसलरॉकची रेल्वे थांबली, मालाची ये-जा बंद झाली, मुंबईत नोकरी करणाऱ्या गोवेकरांना घरी पैसे पाठवणे अवघड झाले. शेकडो वर्षे गोव्याचा भाजीपाला, धान्य, गुरे घाटावरून येत असत. बेळगाव पणजीपासून शंभर मैलांच्या आत आहे, आणि ते एकाएकी जगाच्या दुसऱ्या टोकाला गेल्यासारखे झाले. तेव्हा गोव्याच्या बाजारात बटाटे आले ते हॉलंडमधून, तांदूळ पाकिस्तानातून, चहा सिलोनमधून, सिमेंट जपानमधून. बटाटा हा मिठासारखाच जड, स्वस्त आणि नाशवंतही. त्याने बेळगावच्या मळ्यातून शंभर मैल न येता रॉटरडॅमहून सहा हजारांहून अधिक सागरी मैलांचा प्रवास करून म्हापशाच्या बाजारात यावे, हे भूगोलाच्या कोणत्याही नियमात बसत नाही.

या नाकेबंदीत गोवा गुडघे टेकील ही दिल्लीची अपेक्षा पुरी झाली नाही, आणि त्याचे कारण गोव्याच्या जमिनीतच होते. डिचोली-साखळीच्या टापूतील लोहखनिजाला युद्धोत्तर जपानच्या पोलाद कारखान्यांकडून मागणी येऊ लागली होती. मांडवी आणि जुवारी या नद्यांतून पडावांवर लादून ते मुरगावला आणणे सोपे, आणि त्याच्या मोबदल्यात परकीय चलन येत असे. त्या चलनावर हॉलंडचे बटाटे विकत घेता येत. जकात कमी असल्यामुळे घड्याळे, सोने, मद्य असा माल गोव्यात येई आणि नाकेबंदीला न जुमानता त्यातला काही रात्रीच्या वाटेने सावंतवाडी-कारवारकडे जाई. सीमा बंद झाली असे जेव्हा दप्तर सांगते तेव्हा ती कोणत्या मालासाठी बंद झाली हे विचारले पाहिजे. जड माल अडतो. हलका आणि मोलाचा माल वाट काढतो. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि हा प्रयोग संपला.

योगायोग असा की, पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, ज्या हॉलंडमधून ते बटाटे येत होते त्याच देशातील एका अर्थशास्त्रज्ञाचा ‘शेपिंग द वर्ल्ड इकॉनॉमी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. यान टिनबर्गेन हे मूळचे पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी. लायडन येथे पाउल एहरेनफेस्ट यांच्या हाताखाली शिकलेले. पुढे १९६९ साली अर्थशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक नॉर्वेचे राग्नार फ्रिश आणि टिनबर्गेन यांना विभागून मिळाले. त्यांच्या या ग्रंथाच्या एका परिशिष्टात एक समीकरण आहे. दोन देशांमधला व्यापार दोघांच्या राष्ट्रीय उत्पन्नाबरोबर वाढतो आणि त्यांच्यामधील अंतराबरोबर घटतो, न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या सूत्रासारखाच. प्रथम १८ व मग ४२ देशांच्या व्यापाराचे आकडे घेऊन त्यांनी हे तपासले, आणि शेजारी देश, ब्रिटिश राष्ट्रकुलातील सवलती, बेल्जियम-नेदरलँड्स-लक्झेंबर्ग यांचा संघ अशी आणखी काही कारणे त्यात घातली. त्यांचा हेतू व्यापाराचे वर्णन करण्यापुरता नव्हता. अडथळे नसते तर व्यापार स्वाभाविकपणे किती झाला असता, याचे एक माप तयार करायचे, आणि प्रत्यक्ष व्यापार त्या मापापासून जितका ढळेल तितका परिणाम धोरणाचा समजायचा, असा त्यांचा डाव होता. पैठणचा माल कल्याणला न जाता भडोचला गेला. टिनबर्गेनच्या समीकरणात त्या ढळण्याला एक संख्या मिळाली असती.

नंतरच्या साठ वर्षांत या समीकरणाचा उपयोग इतका झाला की, अर्थशास्त्रात इतक्या सातत्याने खरी ठरणारी दुसरी सूत्रे विरळाच. अंतराचा परिणाम मोजणारे शेकडो अंदाज एकत्र करून पाहता असे आढळले की, अंतर दहा टक्क्यांनी वाढले तर व्यापार साधारण नऊ टक्क्यांनी घटतो. आणि आगबोट, तार, विमान, संगणक हे सगळे येऊनही हा आकडा शून्याकडे सरकलेला नाही. जॉन मॅकॅलम यांनी १९९५ साली दाखवले की, कॅनडाचे प्रांत आपापसांत जितका व्यापार करतात तो तेवढ्याच आकाराच्या व तेवढ्याच अंतरावरच्या अमेरिकन राज्यांशी होणाऱ्या व्यापाराच्या बावीस पट आहे. आणि हे अशा सीमेवर, जिच्या दोन्ही बाजूंस बहुतांशी एकच भाषा, सारखाच कायदा आणि मैत्रीचे संबंध. पुढच्या वर्षी एंगेल आणि रॉजर्स यांनी दोन्ही देशांतील शहरांच्या किमतींची तुलना करून हिशेब मांडला की, त्या सीमेमुळे पडणारा फरक ७५,००० मैल अंतरामुळे पडणाऱ्या फरकाइतका आहे. या आकड्यावर पुष्कळ आक्षेप घेतले गेले, आणि ते रास्तही आहेत. तरी सीमेची रुंदी मैलांत मोजण्याची कल्पना मला अत्यंत समर्पक वाटते. १९५५ नंतर बेळगाव आणि म्हापसा यांच्यामधील सीमा किती मैल रुंद झाली होती हे सांगायला हॉलंडचा बटाटा पुरेसा आहे.

मॅकॅलम यांच्या आकड्याची चूक अँडरसन आणि व्हॅन विन्कूप यांनी २००३ साली दाखवली, आणि ती समजून घेणे येथे अगत्याचे आहे, कारण ती थेट कुडाळच्या पत्राशी जाऊन भिडते. दोन देशांमधला व्यापार त्या दोघांमधील अडथळ्यावरच ठरत नाही. तो इतर सर्व देशांशी असलेल्या अडथळ्यांच्या तुलनेत ठरतो. लहान देशाला सीमेबाहेर जग मोठे असते, म्हणून सीमा त्याला जास्त आतल्या आत ढकलते; मोठ्या देशाला ती फारशी जाणवत नाही. हे हिशेबात घेतल्यावर बावीस पट हा आकडा पुष्कळ खाली आला, तरी त्या दोन देशांमधील व्यापार सीमेमुळे सुमारे ४४ टक्क्यांनी घटतो असे निघालेच. आता महाराजांच्या आज्ञेचा आशय पुन्हा पाहावा. जकात अमुक रुके घ्या असे तिचे तात्पर्य नाही. बारदेशचे मीठ संगमेश्वरच्या मिठाच्या तुलनेत महाग पडेल इतकी घ्या, असे आहे. तिसरे ठिकाण हिशेबात धरल्याशिवाय दोन ठिकाणांमधल्या व्यापाराचा विचार करता येत नाही, हे तत्त्व त्यात गृहीत आहे. यावरून आपल्या पूर्वजांनी सगळे आधीच शोधून काढले होते असा डांगोरा पिटण्याचे मात्र कारण नाही. व्यवहार जाणणे वेगळे, आणि तो शेकडो देशांच्या आकड्यांवर पडताळून पाहता येईल अशा सूत्रात मांडणे वेगळे; पहिले काम सरसुभेदाराचे आणि दुसरे टिनबर्गेनचे.

या सूत्राच्या मर्यादाही याच सीमेवर उघड्या पडतात. १८७८ च्या कराराने गोव्याचा व्यापार किती वाढला, असे कोणी विचारले तर उत्तर देणे अवघड आहे, कारण चौक्या उठणे आणि रेल्वे येणे या दोन गोष्टी एकाच कराराच्या पोटातून जन्मल्या. वाढीतला कोणता वाटा कोणाचा हे वेगळे करावे कसे? शिवाय करार कोणाशीही होत नाही. ज्यांच्यात देवघेव आधीपासून दाट आहे, किंवा जिथे चोरटा व्यापार हाताबाहेर गेला आहे, तिथेच सरकारे करार करायला बसतात. मग व्यापार करारामुळे वाढला की व्यापारामुळे करार झाला? आणि सर्वांत मोठी उणीव अशी की समीकरण दप्तर वाचते. दप्तरात न आलेले मीठ, सोने आणि घड्याळे त्याला दिसत नाहीत, आणि कल्याणला जाऊ न शकलेली ग्रीक गलबते तर त्याला मुळीच दिसत नाहीत. शून्य व्यापार कसा मोजावा हा प्रश्न संख्याशास्त्रज्ञांना गेल्या दोन दशकांत बराच भेडसावलेला आहे, कारण शून्याचा लॉगॅरिदम काढता येत नाही.

म्हणूनच मला असे वाटते की, हे समीकरण घेऊन आपल्या इतिहासाकडे जाण्याची वेळ आली आहे, आणि जाणारा मनुष्य दोन्ही बाजूंनी तयार असला पाहिजे. पुण्याच्या पेशवे दप्तरात जकातीचे हिशेब, कौल आणि दस्तके रुमालांत बांधलेली आहेत; पणजीच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीज अंमलाचे महसुली कागद आहेत; मुंबईच्या अभिलेखागारात इलाख्याच्या सीमाशुल्क खात्याची दप्तरे आहेत. पहिल्याला मोडी लागते, दुसऱ्याला पोर्तुगीज, तिसऱ्याला इंग्रजी, आणि तिघांनाही एकत्र वाचायला थोडे गणित. आपल्या विद्यापीठांतून अर्थशास्त्राचे विद्यार्थी वॉशिंग्टन आणि जिनिव्हा येथून आलेल्या आकड्यांवर प्रबंध लिहितात. मोडी जाणणारे विद्यार्थी राजकीय पत्रव्यवहार संपादित करतात. आणि हुंडेकऱ्याच्या हिशेबाची वही दोघांच्याही वाटेबाहेर राहते. इतिहास आणि अर्थशास्त्र या दोन विभागांनी मिळून दहा-बारा तरुणांना एक वर्षभर मोडी आणि संख्याशास्त्र शिकवावे आणि त्यांना या तीन दप्तरांत नेऊन बसवावे, एवढीच माझी विद्यापीठांना विनंती आहे. खर्च फार नाही, आणि कागद वर्षागणिक झिजत चालले आहेत.